बाबांचा दुपट्टा आणि माझी रेसर

माझे बाबा बैलांचे पारखी होते. कुरखेड्याच्या आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला, की तो माणूस बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसायचा, मायच्या हातचा काळा चहा प्यायचा, धानाच्या रोगापासून पाहुण्यांच्या लग्नापर्यंत सगळं बोलून घ्यायचा आणि उठता उठता म्हणायचा, “मंग गोविंदाभाऊ, उद्या येता ना?” बाबा लगेच हो म्हणत नसत. थोडा भाव खायचे. पण सकाळी बघावं तर पांढरं धोतर, पांढरी बंडी आणि खांद्यावर दुपट्टा टाकून सगळ्यांच्या आधी तयार. त्या दुपट्ट्याशिवाय बाजारात सौदा होत नसे. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात हातात घेत, वरून दुपट्टा टाकत, आणि आत बोटं दाबून भाव सांगत. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावर सगळं ठरायचं. तोंडानं फक्त “हं” आणि “नाई”. शेवटी समोरच्यानं हात घट्ट दाबला, की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी त्यातून फिरायचं नाही. फिरलेल्या माणसाच्या दावणीकडे बाबा आयुष्यात पुन्हा बघत नसत.

घरात मात्र पैसा दोन ठिकाणी होता. धानाचा पैसा बाबांचा, तो बी, मजुरी, कपडे, पाहुणे यांत जायचा. मोहाचा पैसा मायचा. नदीकाठच्या बांधावरची तीन मोहाची झाडं आमच्या वाट्याची होती. उन्हाळा लागता लागता माय त्यांच्याखालचा पालापाचोळा झाडून जागा अंगणासारखी लख्ख करायची, आणि मग रोज पहाटे आम्ही टोपल्या घेऊन जायचो. मोह पडतो त्याचा आवाज होतो. अगदी हलका, टप टप, थांबून थांबून. तो गोड, थोडा आंबूस वास माझ्या फ्रॉकला, केसांना, पुस्तकांना चिकटलेला असायचा आणि शाळेत सगळ्याच पोरींना तो येत असल्यामुळं कुणाला कुणाचं काही वाटत नसे. वाळवलेला मोह माय बांबूच्या ढोल्यात भरून ठेवायची आणि व्यापारी कितीही दारात आला तरी पावसाळा चांगला लागेपर्यंत विकायची नाही. “आता कोनीबी मोह देते. पावसात कोनी देत नाई, मंग व्यापारी आपल्या भावानं घेते,” एवढंच तिचं अर्थशास्त्र. घरातले थोडे मोह ती भाजायची, तीळ घालून उखळात कुटायची आणि लाडू वळायची. मी आजही करते. नातवाला आवडत नाहीत. तो म्हणतो, आजी, याला दारूचा वास येतो. या पोराला दारूचा वास कसा ठाऊक, हे त्याच्या बापाला विचारायचं राहून गेलंय.

सायकल मी दादाची चालवून शिकले. दादा माझ्याहून मोठा, आणि त्याची सायकल त्याच्याहूनही मोठी वाटावी अशी. आधी दांड्याखालून पाय घालून, मग दांड्यावरून. शाळेच्या खेळांत पोरांसाठी सायकलची शर्यत असायची आणि पोरींसाठी ‘स्लो सायकल’. म्हणजे जी सगळ्यांत शेवटी पोचेल ती पहिली. दोन वर्षं मी त्यात आपटून बाद झाले, कारण मला हळू चालवताच येत नसे. आमचे खेळाचे मडावी सर एकदा वैतागून म्हणाले, “शेवंता, तू त्या पोरायच्याच शर्यतीत पाह्यजे होती.” पुढच्या वर्षी तेच सर हसत हसत वर्गात आले. येत्या थंडीत गडचिरोलीला मुलींची रस्त्यावरची शर्यत होणार होती. खरीखुरी, जोरात चालवायची. माझं नाव त्यांनी मला न विचारताच टाकलं होतं. “फक्त सायकल पाह्य कुठची भेटते का. रेसर असली तं बरं,” ते म्हणाले.

रेसर मी पाहिली होती. चंद्रपूरला आम्ही तेव्हा चांदाच म्हणायचो. तिथं मावशीकडं गेले असताना रशीदभाईंच्या सायकलच्या दुकानात ती छताला टांगलेली होती. खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर, अरुंद सीट. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. निळी. मी दुकानासमोरून उगाच तीन वेळा गेले होते, आणि तिसऱ्यांदा आत जाऊन रशीदभाईंना तिची किंमतही विचारली होती. त्या दिवसापासून मला दुसरी कुठलीच सायकल सायकल वाटत नव्हती.

आता हा विषय घरात काढायचा कसा, हा प्रश्न होता. मी तो मोह वेचताना मायजवळ काढला, कारण तेव्हा तिचं तोंड मोकळं आणि हात गुंतलेले असायचे. तिनं सगळं ऐकून घेतलं. कितीला येते, विचारलं. मी सांगितलं. ती टोपली उचलून पुढच्या झाडाखाली गेली, मला वाटलं संपलं. मग ती म्हणाली, “नुसती सायकलच येते का तेवढ्यात? तिचे टायर कुरखेड्यात भेटतात का?” भेटत नव्हते. “मंग?” आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी, आणि ती चाकं म्हणजे काट्याला आमंत्रण. हवा भरायचा पंपही वेगळा लागायचा. एवढ्या गोष्टी मी धरल्याच नव्हत्या. मायनं धरल्या. तिला लिहिता येत नव्हतं, तिनं हिशेब टोपल्यांत केला. घरी येऊन मोहाच्या रिकाम्या टोपल्या ओसरीवर वेगळ्या मांडल्या. या इतक्या सायकलच्या. ही ट्यूबची. ही पंपाची. ही जाण्यायेण्याची आणि मावशीकडं न्यायच्या खाऊची. मग तिनं माझ्याकडं पाहून सांगितलं, “इतक्या भरल्या तं सायकल. नाई भरल्या तं नाई.” त्या उन्हाळ्यात मी झाडाखाली पहिली पोचायची. मागाहून विड्यांसाठीचा तेंदूपत्ताही तोडला, पुडे बांधून बांधून बोटं काळी झाली. नातू हल्ली फोनवर सायकली बघतो, पाच-सहा एकाखाली एक लावून त्यांची वजनं ताडून पाहतो, आणि महिनाभर त्याचं काही ठरत नाही. मला हसू येतं. माझं ठरायला एक क्षण लागला होता, भरायला पाच महिने.

गिअरची रेसर की बिनगिअरची, हाही एक प्रश्न होता. दुकानात दोन्ही होत्या. गिअरची घेतली तर ट्यूबची आणि पंपाची टोपली त्यात जात होती. मी आठवडाभर विचार केला आणि बिनगिअरची, म्हणजे ती निळीच, ठरवली. आपल्याकडं घाट नाही, काटे आहेत. माय म्हणाली, “आता तुले समजाले लागलं.”

बाबांना हे सगळं कळलं ते जेवताना. अंबाडीची भाजी आणि भात होता, वर लाखोळीच्या डाळीचं वरण. दादा म्हणाला की सायकल घ्याच, पण मागं कॅरिअर असलेली घ्या, म्हणजे गिरणीत धान नेता येईल. बाबांनी घास चावून संपवला. “सायकल घ्या. पन पसंत मी करीन. घरात चालनारी वस्तू आली तं थे मी पाह्यल्याशिवाय येत नाई.”

“पैसे माहे,” माय म्हणाली.

“पैसे तुहे. पसंती माही.”

त्यांच्या संसारात असा प्रश्न आधी कधी आलाच नव्हता. मोहाच्या पैशानं तोवर पातेली आली, चादरी आल्या, मायची चांदीची साखळी आली. त्यांतलं काही चालत नव्हतं.

टोपल्या भरल्या, पावसात मायनं मोह विकला आणि पोळा झाल्यावर आम्ही तिघं निघालो. वडशापर्यंत एसटी, तिथून छोटी गाडी, म्हणजे अरुंद रुळांवरची रेल्वे. ती गाडी इतकी आरामात चालायची की लोक उतरून बोरं तोडून पुन्हा चढत, असं सांगायची पद्धत होती, मी कुणाला उतरताना पाहिलं नाही. बाबा खिडकीशी, त्याच बाजाराच्या कपड्यांत, खांद्यावर दुपट्टा. मी सारखी त्या दुपट्ट्याकडं बघत होते. मायच्या कमरेला बटवा होता आणि तिचा हात सारखा त्यावर जात होता.

रशीदभाई गोरे, जाड, हसतमुख गृहस्थ. त्यांनी मला ओळखलं. “आली का बेटी? तुह्या रेसरले कोनी हात नाई लावू देल्ला मी.” आणि त्यांनी निळी रेसर खाली काढली. बाबांनी तिला एका हातानं उचललं. एका हातात ती सहज वर आली, हीच तर तिची करामत. पण बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी ती खाली ठेवली, सीटपासून मागच्या चाकापर्यंत हात फिरवला, टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. “हे तं उपाशी दिसून राह्यली,” ते म्हणाले. “हाड नाई, पेर नाई. हे काय वढनार?” मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या काळ्या, दुहेरी दांड्याच्या सायकलवर गेली. ती त्यांना दोन्ही हातांनीही धड उचलता आली नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत समाधान दिसलं. मी म्हणाले, “बाबा, शर्यतीला हलकी लागते.” ते म्हणाले, “हलका बैल दुपारीच बसते.” मी मायकडं पाहिलं. दुकानात परक्या माणसासमोर नवऱ्याला आडवं जाणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. बाबांनी रशीदभाईंसमोर उभं राहून हात पुढं केला. “आना हात.” रशीदभाईंना वाटलं, म्हातारा मायेनं हात मिळवतोय. त्यांनी दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. बाबांनी वरून दुपट्टा टाकला. मला भुई दुभंगून आत घ्यावं असं झालं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. आत बाबांची बोटं काय बोलत होती ते त्यांना ठाऊक. रशीदभाईंच्या चेहऱ्यावर आधी नवल, मग संकोच, मग पुन्हा हसू. पाहुण्याचं मन राखावं म्हणून त्यांनी आतल्या आत हात चांगला जोरात दाबला.

“झाला सौदा!” बाबांनी दुपट्टा झटक्यानं ओढला आणि मायला सांगितलं, काळीचे इतके इतके दे. तो आकडा ऐकून रशीदभाईंचं तोंड उघडंच राहिलं. “चाचा, इतन्यात तं दोन टायर आन एक घंटी येते!”

“मंग हात काऊन दाबला?”

“मले वाटलं तुमी हात मिळवून राह्यले!”

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. बाबा हसले नाहीत. बाजारात इतकी वर्षं ज्या हातावर गावाचे बैल घरी आले, तो हात इथं चेष्टेचा झाला होता, आणि त्यांच्या मते समोरचा माणूस शब्द देऊन फिरला होता. “हात देऊन फिरनाऱ्याच्या दारात मी उभा राह्यत नाई,” असं म्हणून ते दुकानाच्या पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर आमच्याकडं पाठ करून बसले. मला रडू फुटलं. आख्ख्या चांद्यात रेसर याच एका दुकानात होती. बाबांनी पाठ फिरवली म्हणजे आता ती नाही, मडावी सरांनी टाकलेलं नाव नाही, काही नाही. मी मायचा पदर ओढला, “चाल.” ती हलली नाही.

“थे हात देऊन बसले, थे उठले,” ती म्हणाली. “मी कुठी हात देल्ला?” आणि ती तिथंच दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली. “हेच पाह्यजे तुले? निळी? पक्कं?” मी मान हलवली. “रेसरचे किती, भाऊ?” तिनं विचारलं. रशीदभाईंनी किंमत सांगितली. माय गप्प. रशीदभाईंनी ती कशी चांगली आहे ते सांगितलं. माय गप्प. तिच्या चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही, जणू तिला संध्याकाळपर्यंत दुसरं कामच नव्हतं. असंच ती मोहाच्या व्यापाऱ्यासमोर बसायची. थोड्या वेळानं रशीदभाईंनी आपणहून थोडी कमी केली. माय म्हणाली, “हं.” मग त्यांनी दोन ट्यूब वर घातल्या. “हं.” मग पंपाचे निम्मेच लावले, आणि हात जोडून म्हणाले, “बाई, आता हसा तरी.” माय हसली आणि बटवा सोडला. टोपल्यांत बसलं होतं तेवढ्यातच ते बसलं, जाण्यायेण्याची टोपली धरून. रशीदभाईंनी मग स्वतः दोन कप चहा घेऊन रस्ता ओलांडला आणि बाबांशेजारी बाकावर बसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बाबांनी चहा घेतला, पण दुकानात पाय ठेवला नाही. पुढं कधीही ठेवला नाही. मायनं बाहेर येऊन त्यांना एवढंच सांगितलं, “तुमचा सौदा त्यानं मोडला. माहा येगळा होता.”

वडशाहून गावापर्यंत मी रेसरवर आले, ते दोघं एसटीनं. वाटेत एसटी माझ्या बाजूनं गेली तेव्हा खिडकीतून बाबांचं डोकं बाहेर निघालं. वळणापर्यंत ते माझ्याकडं बघत होते. आज त्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक जातात आणि मी नातवाला तिथं सायकल नेऊ देत नाही, पण तेव्हा मैलभर कुणी नसायचं आणि माझ्या कानांत नुसता वारा होता. मी इतकी खूश आयुष्यात फार थोड्या वेळा झाले असेन. लग्नातसुद्धा नव्हते. हे वाचून यांनी रागावू नये.

त्यानंतर बाबांनी रेसरचं नाव ‘मायची सायकल’ ठेवलं. “मायची सायकल आत घ्या, पानी येऊन राह्यलं.” “मायच्या सायकलीनं कोंबडी दचकली.” दादानं तिला कॅरिअर बसवायचा एकदा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला. मी रोज पहाटे कुरखेड्याच्या पुढं जाऊन यायची, माय दोन लाडू पदरात बांधून द्यायची, आणि परत आले की बाबा गोठ्यात उगाच शेण सारखं करत उभे असायचे. तिच्याकडं पाहायचं नाही असं ठरवून पाहायचे. चाकात काटा निघाला की मला म्हणायचे, “काळीले काटा लागत नाई.” मी म्हणायची, “काळी शर्यतीत पळत नाई.” असं आमचं थंडी पडेपर्यंत चाललं.

शर्यतीच्या दिवशी बाबा गडचिरोलीला आले. धान घरात आलं होतं, कचेरीत काम आहे म्हणाले. कचेरी बंद होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. पोरींची गर्दी फार नव्हती, आणि रेसर माझ्याशिवाय एकीकडंच होती. तिला मी अर्ध्या वाटेतच मागं टाकलं. मला वाटलं, झालं. मग डाव्या बाजूनं राजुऱ्याची एक पोरगी आली. तिचे वडील कोळशाच्या खाणीत होते, हे नंतर कळलं. उंच, सावळी, फ्रॉकखाली भावाची पँट घातलेली. ती ज्या सायकलवर होती ती काळी होती. दुहेरी दांड्याची. मागं कॅरिअर. ती माझ्या पुढं गेली आणि गेली ती गेलीच. तिच्या कॅरिअरचा खडखडाट मला शेवटपर्यंत ऐकू येत होता. मी दुसरी आले.

बक्षीस मिळालं, मडावी सर नाचत होते, पण मला बाबांसमोर जायची हिंमत होत नव्हती. मायच्या सगळ्या टोपल्या माझ्या डोळ्यांसमोर येत होत्या. बाबा त्या काळ्या सायकलजवळ उभे होते. त्यांनी तिचा दांडा दाबून पाहिला, सीटवर थाप मारली, त्या पोरीच्या वडलांशी दोन शब्द बोलले. मग माझ्याकडं आले. ते हसणार, आणि वर्षभर हसणार, हे मला माहीत होतं. मी आधीच रडत म्हणाले, “तुमचंच खरं होतं बाबा. काळीच घ्याले पाह्यजे होती.”

बाबांनी माझी निळी रेसर हातात घेतली. चांद्यानंतर पहिल्यांदाच. एका हातानं उचलली, खाली ठेवली.

“काऊन रडून राह्यली? थ्या पोरीचे पाय पाह्यले का तू?” ते म्हणाले. “थे पोरगी माह्या बैलावर बसली असती तरी पयली आली असती. तुही सायकल बरोबर आहे. पाय वाढव.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा बाबांनी रेसर अंगणात काढून ठेवलेली होती.